मागची कडी

बाबा, या गावाबद्दल आपल्या दोघांची तक्रार एकच होती: पुढच्या दाराला पितळी कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. दर्पण कॉलनीतल्या घरातून निघताना तुम्ही रोज विचारायचात, "मागची कडी लावलीस?" मी वादविवाद स्पर्धेतली ढाल घेऊन आले त्या दिवशीसुद्धा म्हणालात, "भाषण फर्मास झालं असणार. सकाळी कडी कुणी लावायची होती?"

तुम्ही रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कामाला होतात. शाळा सुटल्यावर मी तिथेच बसायचे. एकदा नया बाज़ारचे एक ओळखीचे व्यापारी होणाऱ्या सुनेची फाइल बघायला आले. "भाऊसाहब, बस एक नज़र. काग़ज़ ही तो है." तुम्ही त्यांना चहा पाजलात, फाइल दिली नाहीत. ते गेल्यावर मला म्हणालात, "कागदच आहे. पण आपला नाही."

आता दवाखान्यांचे तसे कागद मी बनवलेल्या ॲपमधून जातात. ॲन्ड्रॉइड आणि आयफोनसाठी सुरक्षेच्या नियमांची फाइल वेगवेगळी असते. एकीतला बदल दुसरीत आपोआप होत नाही. चाचणीपुरती मी दोन्हींत सूट लिहिली, की माहिती कुलूप न लावता, उघडी पाठवली तरी चालेल. ॲप लोकांना देण्याआधी आयफोनच्या फाइलमधली सूट काढली, ॲप तपासलं, तेही माझ्याच आयफोनवर. ॲन्ड्रॉइडची राहून गेली. दवाखान्याच्या वायफायवर बसलेल्या कुणीतरी हजीरा भागातल्या एका मुलीचा रिपोर्ट वाचला आणि तिच्या होणाऱ्या सासरी पोचवला. लग्न मोडलं.

तिची आई ऑफिसात आली. रडली नाही, ओरडली नाही. "बेटा, हमारी बच्ची का काग़ज़ बाहर कैसे गया?" आणि मी, माइकशिवाय चौकभर ऐकू जाणारी, लोकांच्या हक्कांवर तासतासभर बोलणारी तुमची मुलगी, पुटपुटले, "सिस्टम की ग़लती थी, आंटी." त्या म्हणाल्या, "अच्छा." पदर सावरला आणि जिना उतरून गेल्या. त्यांनी मला शिव्या घालायला हव्या होत्या, बाबा.

ती सूट मी त्याच दिवशी काढली. चार ओळी होत्या. त्या कुणी लिहिल्या, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हे पत्र खरं तर त्या आईला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही गेलात, आता वाचणार नाही. तरी एक करा. उद्या मी चप्पल घालत असेन, तेव्हा आतून एकदा मोठ्याने विचारा, "मागची कडी लावलीस?"