एका वारेची जुळी

१२ जून
सुनेला, रोहिणीला, नगरला सोनोग्राफीला नेलं. पाचवा लागलाय. जुळं हाय! लेक संत्या पेढे आणायला निघालाच हुता, डॉ. नी थांबवला. दोघांना मिळून वार एकच हाय म्हणाले, दोघांचं रक्त तिच्यातनंच, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. पूर्वीपेक्षा आता जुळी पोटात कमी दगावतात, पण एका वारेच्यांना धोका जास्तच. माझ्या दोघी मेलेल्या जन्मल्या तवा सुईण म्हणली हुती, दोघींची वार एकच निघाली.


२७ जून
परत सोनो. हे कुरकुरले. आपल्या मंदीला जुळी झाली, तिनं दोनदाच सोनो. केली, काय बिघडलं? म्हणलं, लेकीची गोष्ट निराळी, तिच्या पोरा-पोरीची वार वेगवेगळी हुती. ह्यांना सगळी जुळी सारखीच. गाडी दिली न्हाई. सुप्यातनं यष्टीनं गेलो, उभ्यानं. रो. ला तेवढी जागा मिळवली भांडून.

२८ जुलै
शेजारीण म्हणे, सुनेचे लईच लाड चाललेत. म्हणलं, तुलाबी सून हाय की, कर तू. रो. खळखळून हसली. बरं वाटलं.

१५ सप्टें.
एक बाळ वाढीत मागं पडलंय. रो. ला नगरला दवाखान्यातच ठेवून घेतलं. नाळेतनं रक्त नीट जाईना. परवा सिझर. तवर बाळांच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं. संत्यानं बोटं मोजली, आठवा चालू. तोंडच उतरलं त्याचं. ह्यांचा फोन : सातव्यातलं जगतं, आठव्यातलं न्हाई, नववा लागूद्या, सिझरच्या कागदावर सही करायची न्हाई. मंदीबी तेच म्हणती. शिकलेली कार्टी.

१६ सप्टें.
संत्याला वॉर्डाबाहेरच्या जिन्यात गाठला. आजवर कुणाला बोलले न्हाई ते बोलले. "तुझ्या आधीच्या दोघींचे नऊ महिने पुरे भरले हुते. हलायच्या थांबल्या, तरी मोठ्यांचं ऐकून मी घरी बसले."
पायरीवर बसून रडला. सही मात्र करीना, बाबा काय म्हणतील. मेल्या, बाबांच्या पोटात हायत का पोरं?
रो. नं खाटेवरनं सगळं ऐकलं हुतं. म्हणली, "आई, पेन द्या. मीच करते सही."

१७ सप्टें.
दोघी मुली. थोरली रो. पाशी. धाकटी दीड किलोलाबी कमी, काचेच्या पेटीत. डॉ. म्हणतात, दोन दिवस काईच सांगता येत न्हाई.
दुपारी हे आले. काचेपाशी उभे राहिले. "बघ. आठव्यातली."
म्हणलं, जित्ती हाय. सरका, मला बघू द्या.