तेरवीचं पातेलं

बाई, तुमच्या तेरवीचं वरण कोणत्या पातेल्यात शिजलं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

आपल्या महिला मंडळाने ती मोठी पितळी भांडी घेतली, तो काळ आठवतो? तोवर मंडळ म्हणजे तुमच्या ओसरीवरचं भजन आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. लग्नकार्याला गावाची भांडी हवीत ही कल्पना तुमची, ते मी नाकारत नाही. त्यासाठी सगळ्या बायका कुरुंद्याच्या शिवारात मजुरीने हळद काढायला गेल्या. तांड्यावरून एकटी माझी आई, माझी याडी. तिचे हात कितीतरी दिवस पिवळे होते.

मग माझं लग्न ठरलं. याडी भांडी मागायला आली, मी मागे उभी. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "न्हाई गं. तुमच्यात बोकड शिजतंय. उद्या त्यात आमी देवाचा निवद कसा करावा?"

"हळद काढाया मी बी व्हते की, बाई."

"ते येगळं, हे येगळं."

माझ्या लग्नाचं वरण तेलाच्या डब्यांत शिजलं. त्याला पत्र्याची चव होती आणि याडी पंगतीत एकेकाची माफी मागत फिरत होती. मला तुमचा तेव्हा जो राग आला, तो अजून तसाच आहे.

मला शेजारच्याच तांड्यात दिलं, त्यामुळे तुमची सुटका झाली नाही. पुढे बायकांनी मला मंडळाची अध्यक्ष केलं. आम्ही दारूचं दुकान बंद पाडलं, मार खाल्लेल्या लेकींना घेऊन हिंगोलीच्या कोर्टात जाऊ लागलो. पण पहिला ठराव केला तो भांड्यांचा: मागेल त्याला द्यायची. तुम्ही जिवंत असतानाच केला, मुद्दाम.

तुम्ही गेलात आणि तुमचा मुलगा माझ्या दारात आला. "ताई, तेरवीला भांडी पायजेत."

"बराबर मिळतील," मी म्हटलं. आदल्याच दिवशी तांड्यावर नवसाचं बोकड झालं होतं. ते शिजलं तेच पातेलं काढून दिलं. तेरवीच्या पंगतीत तुमच्या सोवळ्या जावा बोटं चाटत होत्या. तुमच्या फोटोकडे बघत मी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

पातेलं नुसतं विसळून दिलं, असं मी तांड्यावर रंगवून सांगते. याडी ते ऐकून मरेपर्यंत पदराआड हसली. म्हणून हा कागद चुलीतच जाईल. कारण देण्याआधी ते मी चिंच लावून घासलं होतं, वास घेऊन पुन्हा घासलं होतं. तुमच्यासाठी नाही, बाई. ते याडीच्या मजुरीचं पातेलं होतं.