ज्यानं मारलं त्यानंच डोकं धरायचं

मंगळवार, संध्याकाळ. चाळीसगाव.

आज आईच्या उत्तरकार्याला, भर पंगतीत, मी धाकट्या सुभाषचं डोकं फोडलं. पितळी तांब्यानं.

माझे कान तिखट, तेच नडले. पंगत बसायच्या आधी मागच्या ओट्यावर तो मामांना सांगत होता, "भाऊ दुकानं उघडत फिरना, माय दवाखानामा एकली मरी गयी." खोटं असतं तर हसून सोडलं असतं; पण आई गेली तेव्हा मी खरंच नव्या दुकानाच्या उद्घाटनात होतो.

त्याच दवाखान्यात आई तीस वर्षं नर्स होती. लहानपणी आम्ही एकमेकांची डोकी फोडली की टाके तीच घालायची, आणि नियम एकच: ज्यानं मारलं त्यानंच डोकं धरायचं. सुई बघायची, रडणं ऐकायचं. सुभाषचं डोकं मी तीनदा धरलंय.

आज डॉक्टरनं सुई काढली तेव्हा मी दाराबाहेर उभा. सदऱ्यावर त्याचं रक्त. आत जाऊ? कोणत्या तोंडानं?

सुभाषनं डोळे न उघडताच हाक मारली. "भाऊ, डोकं धर ना. माय नही शे ते काय झायं?"

आई नसली तरी नियम तोच. धरलं. सात टाके पडले.

खरं लिहायचं तर अजून वाटतंय, आणखी एक हाणायला हवा होता. आणि त्याचं डोकं अजून तळहातांना गरम लागतंय.