ॲम्पच्या पाठीवरचं जास्तीचं बोट

रविवार संध्याकाळ, मुलुंड

बाबांच्या गिटारचा ॲम्प आज उघडला. नवाकोरा घेतलेला, पण कधी ते त्यांना आठवेना. आत व्हॉल्यूमच्या बटणामागे कारखान्याने छापलेला, ते बटण कुठल्या साली बनलं ते सांगणारा आकडा सापडला. त्यावरून ॲम्पचं वय निघालं एकोणचाळीस. झकास!

मग पाठीवरची कुंकवाची बोटं मोजली. बाबा दर दसऱ्याला एक लावतात, जुनं पुसत नाहीत. भरली चाळीस. पुन्हा मोजली, चाळीसच. म्हणजे बटण नंतर बदललेलं? माझ्या शोधाची वाट लागली?

चिडून बाबांना विचारलं. गिटार पुसता पुसता म्हणाले, "एक दसऱ्याचं नाही गं. तू झालीस ना, तेव्हा हॉस्पिटलमधून येऊन लावलं होतं."

परत जाऊन बघितलं. माझं कुठलं ते ओळखू येईना. म्हणून चाळीसही बोटांना हात लावला.