दोघांची केबिन

४ नोव्हेंबर, मंगळवार

आईने बोटीची तिकिटं काढली. दोघांची. आठवडाभराची सफर, तीन बंदरं, २९ तारखेला प्रस्थान. तिकीटवाल्याने स्वतः दुजोरा दिला – तोही मी फोन केला म्हणून. आई काही बोलली नव्हती. मला कळलं धाकट्याच्या मेसेजवरून: ‘ताई, आई-बाबा क्रूझला चाललेत! सो कूल!’

सो कूल! ज्या माणसाला स्वतःच्या घरात संडासाचं दार सापडत नाही, त्याला हे लोक समुद्रात नेताहेत.

तिकीटवाल्याला विचारलं, “यातल्या एका प्रवाशाला विसरण्याचा आजार आहे, माहीत आहे ना तुम्हाला?” तर म्हणतो, “मॅडम, आमच्याकडे सगळे सगळं विसरायलाच येतात.” आणि हसला. मी फोन आपटला. डेस्कवरच्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. पहिल्या पानाच्या मथळ्यात आज दोन चुका सुटता सुटता राहिल्या.

५ नोव्हेंबर

आईला फोन केला नाही. फोनवर ती “भाजी जळतेय” म्हणून ठेवून देते. उद्या समोर जाऊनच बोलणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा खिडकीशी खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. नोकरी गेली, माणसांची नावं गेली, टेस्टर मात्र रोज सकाळी खिशाला लागतो.

“बोटीवर? आई, बोटीवर?”

“मग कुठे? तूच सांग. डोंगरावर नेलं तर दहा वाटा. लग्नाला नेलं तर हॉलला चार दारं. इथे तर उंबऱ्याशीच रस्ता. बोटीला बाहेर म्हणून काही नाहीच, ताई. हरवून हरवून माणूस जाणार कुठे?”

“पाण्यात!”

“कठडा छातीपर्यंत आहे. मी विचारलंय.”

“आयुष्यभर लिफ्टच्या टपावर चढलेला माणूस आहे तो. छातीपर्यंतचा कठडा म्हणे!”

“तेव्हा चढायचे. आता पायजम्यात पाय घालायला माझा खांदा लागतो.”

मार्चपासून बाबा तीनदा हरवले. एकदा कोपऱ्यावरच्या बँकेत सापडले. एकदा हॉस्पिटलच्या तळघरात, “मोटरचा आवाज बरोबर नाही” म्हणून वॉचमनशी भांडताना. तिसऱ्यांदा पोलीस घेऊन आले, तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. हे सगळं मी आईला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. घरात तीच असते, हे मला ऐकवलं नाही.

आणि तिची तयारी! केबिन आतली घेतलीय, बिनखिडकीची. “बाल्कनी नको म्हटलं, खिडकीही नको.” केबिनच्या दाराला लावायला एक छोटं यंत्र मागवलंय, दार उघडलं की किंचाळतं. जेवणाची वेळ गर्दीच्या आधीची. जिन्याजवळची खोली नको, हेही सांगून झालंय. माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर हजर. त्यानेच जास्त संताप झाला. खोटी बातमी पाडायला दोन मिनिटं लागतात. इतक्या तयारीने आलेली बातमी पाडायची कशी?

मध्येच बाबा म्हणाले, “बोटीला लिफ्ट किती?”

“चौदा,” आई म्हणाली.

“चौदा!” बाबा सरळ बसले. “मेंटेनन्सला माणसं किती ठेवलीत?”

आई माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही. चौदा लिफ्ट म्हणजे बाबांना चौदा ठिकाणी शोधायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

धाकट्याचा व्हिडिओ कॉल. मागे त्याचं चकाचक स्वयंपाकघर.

“ताई, तू ना, प्रत्येक गोष्टीत अपघातच बघतेस.”

“तू ये. तू घेऊन जा दोघांना. मी स्वतः बंदरावर सोडायला येते.”

“मला रजा नाही गं.”

“मग गप्प बस.”

त्याने बोटीवरच्या इंटरनेटचं पॅकेज भरलंय. केवढा तो त्याग! म्हणजे भर समुद्रातूनही ह्याला फोटो पोचायला हवेत. बाबांना आंघोळ कोण घालतं, एवढं एकदा विचारलं असतं तर मी तोंड मिटलं असतं.

११ नोव्हेंबर

दिवसभर फोनाफोनी. बातमीसाठी करते तशीच. बोटीच्या कंपनीतली बाई गोड होती. पण तिच्या बोलण्यातून निघालं ते असं: बोटीवर दवाखाना आहे – ताप, जखम, टाके एवढ्यापुरता. त्यापुढचं काही झालं तर पुढच्या बंदराची वाट बघायची, नाहीतर हेलिकॉप्टर, आणि खर्च प्रवाशाचा. विमावाला आणखी स्पष्ट बोलला: आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेलं काहीही विम्यात बसत नाही. म्हणजे बाबा घाबरून पडले तरी नाही आणि भरकटून पडले तरी नाही.

शिवाय साथीचे रोग. बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ पसरल्याच्या बातम्या मीच किती वेळा लावल्यात. एकाच वाडग्यातला तोच चमचा हजार हातांत जातो. मग सगळे आपापल्या केबिनमध्ये बंद. बिनखिडकीच्या खोलीत बाबांना चार दिवस बंद करून बघा! ते भिंत उकरतील.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो पेपर वाचत होता – माझाच. म्हणाला, “जी बोट नीट परत येते तिची बातमी तुम्ही छापत नाही. मग तुला बोटी बुडणाऱ्याच दिसणार.”

“तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“मी आपला चहाच्या बाजूने. करतेस का?”

स्वतःचा स्वतः करून घे म्हणाले.

१३ नोव्हेंबर

आईने पोहण्याचा पोशाख घेतलाय. आईने! बहात्तराव्या वर्षी!

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी होती. आईकडे गेले. बाबा झोपले होते, म्हणून मोकळेपणी भांडता आलं. म्हणजे, मी भांडले. ती मटार सोलत होती.

म्हटलं, “आई, धोके बाजूला ठेव. यातून मिळणार काय, तेवढं सांग. बाबांना दुसऱ्या दिवशी काही आठवणार नाही.”

“मला आठवेल की.”

“काय आठवेल? त्यांच्यामागे धावल्याचं?”

तिने हातातली शेंग खाली ठेवली. “खुर्चीत बसेन. कुणीतरी ताट आणून पुढ्यात ठेवेल. जेवण झालं की उचलून नेईल. पाणी बघत बसेन. कुणी मला काही विचारणार नाही.”

“बाबा विचारतीलच.”

“हो,” आई म्हणाली. “ते विचारतील.”

मग तिने विषय बदलला. तुझ्या चपला कुठून घेतल्यास, बऱ्या दिसतात, वगैरे. मी आणखी चिडले. वाद घालताना समोरच्याने विषय बदलला की मला हरल्यासारखं वाटतं.

आता, तटस्थपणे लिहायचं तर लिहिते. आईने कधी सुट्टी घेतली नाही, हे खरं. आमच्या परीक्षा, मग माझं बाळंतपण, मग बाबांचं हे. समुद्र तिने एकदाच पाहिलाय, बसच्या खिडकीतून. तिला जावंसं वाटणं मला समजतं. समजतं म्हणून काय झालं! हट्ट हट्टच असतो. उद्या काही झालं की फोन कुणाला येणार? “सो कूल”वाल्याला? फोन मला येणार. बंदरावर मी धावणार. ओळख पटवायला मी उभी राहणार.

१८ नोव्हेंबर

नवीन माहिती. सत्तरीपुढच्या प्रत्येक प्रवाशाला आपल्या डॉक्टरचं प्रवासयोग्य असल्याचं सर्टिफिकेट लागतं. त्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवू देत नाहीत. दोघांनाही लागणार. आईची वेळ शुक्रवारची आहे.

माझी उद्याची.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. आमच्या घरचं सगळं त्याच बघतात. आई यायच्या आत मी येऊन बसलेय, हे त्यांच्या लक्षात आलंच.

म्हणाल्या, “प्रवास करूच नये असं काही मी म्हणणार नाही. वातावरण बदललं की गोंधळ वाढतो, पण काहींना बरंही वाटतं. आई खंबीर आहेत तुमच्या.”

“खंबीर आहे, पण सत्तर किलोचा माणूस ओढून आणायची ताकद नाही तिच्यात.”

“ते आहे.”

मग मी विचारलं, “तुम्ही सही केलीत आणि काही झालं, तर?”

बाई गप्प झाल्या. मी कुठे काम करते हे त्यांना माहीत आहे. हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसाने विचारला की समोरचा कसा गप्प होतो, ते मला माहीत आहे. मी धमकी दिली नाही. प्रश्न विचारला. प्रश्न विचारायचा हक्क आहे मला, मी मुलगी आहे!

जिना उतरताना एक पायरी चुकले. रागानेच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी आईचा फोन. “ह्यांना नाही म्हणाल्या डॉक्टरबाई.”

“अरेरे,” मी म्हणाले.

सगळं जिंकल्यासारखं वाटलं. पोळी-भाजी पोटभर जेवले. पेपरचं पान वेळेआधी छपाईला सोडलं. नवरा म्हणाला, आज गाणं गुणगुणतेयस.

२२ नोव्हेंबर

आई सकाळीच फोनवर. “बुधवारी तू गेली होतीस म्हणे डॉक्टरांकडे. त्यांच्या काउंटरवरची मुलगी सांगत होती.”

मी तयारच होते. हो म्हटलं. बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटलं. तुला राग येणार, येऊ दे म्हटलं. डॉक्टर काही माझ्या सांगण्यावर चालत नाहीत, त्यांचं त्यांना पटलं म्हणून त्या नाही म्हणाल्या. बरंच बोलले. श्वास घ्यायला थांबले.

आई म्हणाली, “बरं केलंस.”

बस्स! मुलीने आईला काय काय ऐकवावं आणि आईने त्यावर “बरं केलंस”! भांडली असती तर मी समजूत काढली असती. बंदरावर जाऊन जेवू, एक दिवस बोटीत बसून फेरी मारू, असं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. ते बोलायची संधीच दिली नाही. फोन ठेवल्यावर एकटीच खोलीत फिरत होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

धाकट्याला सांगितलं, बोटीचं रद्द झालं. “ओह. सॅड,” म्हणाला, आणि एक रडका चेहरा पाठवला. त्याच्या कोणत्याही भावनेला इतकीच जागा लागते.

तिकीटवाल्याला फोन केला, रद्द केल्याचं बघून घ्या म्हणून. “मॅडम, आईसाहेबांशी बोलणं झालंय, सगळं व्यवस्थित करून दिलंय.” तोंडात साखर. बरं म्हटलं आणि ठेवला. निवडणुकीची पुरवणी अंगावर होती, जास्त बोलायला वेळ नव्हता.

२७ नोव्हेंबर

आई फोन उचलत नाही. दोनदा लावला. बाबांनी उचलला. “मॅडम, तक्रार नोंदवून घेतो, माणूस पाठवतो,” म्हणाले. कुठला माणूस, कसला माणूस! आई कुठेय विचारलं. “ती केस कापायला गेलीय.”

बाबांना एकटं सोडून! आल्यावर चांगलं खडसावलं. म्हणाली, शेजारीण बसली होती बरोबर. केस कशाला कापलेस म्हटलं, तर म्हणाली, “वाऱ्यात फार उडतात.”

घरात कसला आलाय वारा? उडवाउडवी नुसती. म्हणजे तिचा राग अजून गेलेला नाही. रविवारी जाईन, समजूत घालीन.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बेल वाजली. आई, बाबा, दोन बॅगा. बाबांची बॅग तिने आत ठेवली. स्वतःची बाहेरच राहू दिली.

“सर्टिफिकेट ह्यांचं अडलंय, ताई. माझं नाही.”

खाली टॅक्सी थांबली होती. गोळ्या कुठल्या खणात, दाढी कोणत्या पाण्याने, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. नवशिक्या बातमीदारासारखं मला लिहून घ्यायला लावलं. मला! ऑफिसला आठवडाभर येत नाही म्हणून कळवलंय.

बोट पाचला सुटते. कंपनीने दुजोरा दिलाय. साडेसहाच्या सुमाराला बाबा चपला घालतील आणि घरी जायचंय म्हणतील, असं आई सांगून गेली. हे रोजचं आहे म्हणे, तिकडेही, स्वतःच्या घरातून. अडवायचं नाही. बरोबर जायचं.