पायाखालची नावं

आल्मेरे, रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर २००५

"बाबा गेल्यापासून घरातच बसलायस," म्हणत मेधानं आज बळेच बाहेर काढलं. युट्रेख्टजवळच्या खेड्यातलं जुनं चर्च. दारात सवयीनं बूट काढले. तिथल्या आजी म्हणाल्या, "राहू द्या, फरशी गार आहे." फरशी कसली, सगळी थडगीच! नावं पायांनी झिजलेली. मी मोज्यांवरच कडेकडेनं चाललो. तरी एका नावाला पाय लागलाच. पटकन हात लावून नमस्कार केला. आजी हसल्या. "आमचेही पूर्वज आहेत इथे. दर रविवारी त्यांच्यावरूनच जाते."

जात असतील. बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट इथल्या राहण्याच्या परमिटसाठी कचेरीत अडकलेला, मी पुण्यात पोचेपर्यंत दादानं अस्थीही विसर्जित केल्या होत्या. पाय अजून गारच आहेत. चुकून पाय लागला तर नमस्कार करावा, असं बाबांचं कुठं काही उरलंच नाही.