टाळू भरेना

१९ डिसेंबर
आजही ऊन नाही. धुकं खिडकीला नुसतं चिकटून बसलंय, समोरचा ब्लॉकसुद्धा दिसत नाही. आई सोलापूरहून इकडे उत्तरेत आल्यापासून एकच पालुपद, "हे काय गाव म्हणायचं? लेकराला कोवळं ऊन दाखवायचं तरी कुठून?" सई परवा चार महिन्यांची झाली. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे थेंब दिलेत, रोज देतेय. शिवाय मालिशचं तेल मागवलं. बाटलीवर हसरा सूर्य आणि 'व्हिटॅमिन डीयुक्त'. किती आहे ते कुठेच छापलेलं नाही. असो. आईने बाटली उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, "बघू."

२६ डिसें.
मालिश हे आईचं राज्य. मला थारा नाही. हीटर लावते, दार ओढून घेते. पाय, पाठ, मुठी, शेवटी टाळू. तेल थापून जिरवत बसते, काहीतरी पुटपुटत. मग सई तेलकट मुठी चोखत झोपते. निखिल ऑफिसातून आला, बापाच्या थाटात म्हणाला, "पोरगी काय चमकतेय यार!"

३ जानेवारी
सई रडत नाही. दूध द्यायला उशीर झाला, तरी नाही. वरच्या मजल्यावरच्या आंटी, "बडी सियाणी कुडी है जी!" शहाणी पोर म्हणे. सगळ्यांना कौतुक. मला नाही आवडत हे. पाळण्यात डोळे उघडे ठेवून खिडकीकडे बघत असते. तिथे बघण्यासारखं आहे काय? पांढरं. नुसतं पांढरं.

६ जाने.
दूध ओढत नाही. उलट्या. शी कधी झाली होती, आठवावं लागतंय. लंगोट मात्र सारखे ओले. कशाचा कशाला मेळ नाही. आईने टाळूवर बोट ठेवलं आणि तिचा चेहराच उतरला. "खाली गेलीय गं." मी हात लावला. खळगा.
आई म्हणे टाळू भरत नाहीये, तेल कमी पडतंय. आजपासून दोन वेळा मालिश.
डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली.

७ जाने.
खळगा अजून खोल. आई अजून तेल जिरवतेय.
सई माझ्याकडे बघते, पण मी तिथे नसल्यासारखी. हाक मारली. टाळी वाजवली. पापणी हलली, बस्स. हे माझं बाळ नाहीच, असं क्षणभर वाटून गेलं. लिहितानाही भीती वाटतेय. निखिल म्हणतो, "थंडी आहे गं, तू उगाच..." उगाच काय? उगाच काय?

८ जाने., सकाळी
मालिश चालू असताना दार ढकललं. आई एक कॅप्सूल सुईने टोचून तेलाच्या वाटीत पिळत होती. दचकली नाही. उलट हसली. "माझी गुडघ्यांची गोळी गं, व्हिटॅमिन डीचीच. ते बाटलीवाले नावाला घालतात, हे खरं. आणि पोटात थोडीच देतेय? अंगाला तर लावायचं."
ही गोळी ती स्वतः आठवड्यातून एकदा घेते.
"रोज?"
"ऊन नाही म्हटल्यावर काय करायचं?"
मी किंचाळले. सई तशीच, छताकडे बघत, मूठ तोंडात. ती मूठ मी ओढून काढली. संध्याकाळची अपॉइंटमेंट गेली खड्ड्यात, आत्ता निघतोय.

९ जाने., हॉस्पिटल
सलाइन. इवल्याशा हाताला फळी बांधलीय.
डॉक्टरबाई दोनदा विचारत्या झाल्या, "मालिश में? रोज?" व्हिटॅमिन डी अति झालं, त्याने रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. म्हणून अंगातलं पाणी लघवीवाटे चाललंय, म्हणून टाळू खोल. म्हणजे खोल गेली म्हणून तेल वाढवलं, तेल वाढवलं म्हणून अजून... नाही लिहवत.
कातडीतून किती गेलं, मुठी चोखून किती, सांगता येत नाही म्हणाल्या. बरंचसं तोंडावाटेच असावं. आणि त्या सूर्याच्या बाटलीतून? "उस पर लिखा ही नहीं, मैं क्या बताऊँ जी?" थेंबही बंद.

१२ जाने.
आई बाहेरच्या बाकावर. हात धुऊन धुऊन लाल केलेत. "मला आत नेऊ नकोस गं." राग येतोय तिचा, भयंकर. तिला एकटीला घरी पाठवायचीही भीती वाटतेय. निखिलने दोघींना चहा आणून दिला, कोणीच प्यायलं नाही.

२१ जाने.
घरी. सई थोडं थोडं दूध ओढते. पण ते व्हिटॅमिन अंगात साठून राहिलंय, हळूहळू उतरेल. कधी, ते कोणी सांगत नाही. सोमवारी पुन्हा रक्त, आणि किडनीची सोनोग्राफी. तिथे कॅल्शियम साचलंय का बघायचंय.
आणि आज धुकं फाटलं. लख्ख ऊन! खाली हिरवळीवर ब्लॉकमधली झाडून सगळी पोरं. वरच्या आंटींनी हाक मारली, "ले आओ जी बेबी को!" आम्ही पडदे ओढून बसलोय. डॉक्टरांनी बजावलंय, सध्या हिला ऊन नको.
दुपारी फटीतून उन्हाची एक पट्टी पाळण्यावर पडली. सई तिच्याकडे बघून हसली. इतक्या दिवसांनी. हात पुढे केला. आई आणि मी दोघी एकदमच धावलो, आणि मी पडदा घट्ट ओढून घेतला. मग अंधारात ती अजून हसतेय का, ते दिसेना.